स्की बाईंडिंग नको तेव्हा का सुटतं? खान्देशातून बर्फावर जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून गुलमर्ग, औली किंवा सोलंगला स्की शिकायला जाणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आपल्याकडे स्कीचं दुकान नाही, बाईंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा) तपासणारा माणूस नाही. त्यामुळे उतरताना बूट अचानक सुटला की पहिला सल्ला मिळतो, "स्क्रू आवळून घे." हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्याची किंमत पायाच्या हाडाने मोजावी लागते. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

बाईंडिंगचं नेमकं काम काय?

दोन कामं, एकमेकांच्या विरुद्ध. उतरताना बूट स्कीला घट्ट धरून ठेवायचा, आणि पडताना पायाचं हाड मोडण्याइतका जोर येण्याआधी बूट सोडून द्यायचा. पुढचा भाग म्हणजे टो-पीस, तो पिळ बसला की बुटाला बाजूला सोडतो. मागचा हील-पीस शरीर पुढे झुकलं की टाचेला वर सोडतो. दोन्हींच्या पोटात स्प्रिंग असते आणि ती किती दाबलेली आहे ते खिडकीतल्या आकड्यावर दिसतं. त्या आकड्याला सगळे डिन म्हणतात.

सुटलं ते बरोबर सुटलं की चुकीचं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही पडलात आणि पडता पडता स्की सुटली, तर बाईंडिंगने आपलं काम केलं. तुम्ही तोल सांभाळून होतात, साध्या वळणावर, खडबडीत बर्फावरून जाताना किंवा छोट्या उंचवट्यानंतर स्की पायातून निघून गेली आणि त्यामुळे तुम्ही पडलात, तर ते अवेळी सुटणं. आधी काय झालं, पडणं की सुटणं, एवढं शांतपणे आठवा.

मग स्की उचलण्याआधी बाईंडिंगकडे नीट बघा. हील-पीसचा जबडा वर उघडलेला असेल तर बूट टाचेतून निघाला. हील बंद, म्हणजे बूट आत असताना जसा असतो तसाच खाली बसलेला, आणि तरी बूट बाहेर, तर तो बहुधा टोमधून बाजूला निघाला. बाईंडिंगला हात लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कारण ते सरळ करून पुन्हा पाय घातला की हा पुरावा पुसला जातो. टाचेतून वारंवार सुटत असेल तर संशय आधी फॉरवर्ड प्रेशरवर, म्हणजे हीलला बुटाकडे ढकलणाऱ्या जोरावर, घ्यायचा. टोमधून सुटत असेल तर सोलखालचा बर्फ, झिजलेला सोल आणि टोची उंची.

सुटतंय ना, मग डिन एक-दोन आकड्यांनी वाढवला तर काय बिघडलं?

कारण जागेवर राहतं आणि संरक्षण जातं, हे बिघडलं. समजा बुटाच्या पुढच्या टोकाखाली बर्फाची चकती अडकली आहे. बूट टोमध्ये तिरका बसलाय, म्हणून सुटतोय. तुम्ही डिन ५ वरून ७ केला. आता तिरका बसलेला बूटही टिकेल. पण तासाभरात बर्फ निघून गेला आणि बूट सरळ बसला, की तेच बाईंडिंग तुमच्या वजनाला नको इतकं घट्ट झालेलं असेल. पुढच्या पिळवटलेल्या पडण्यात ते उघडणार नाही, आणि पिळ नडगीच्या हाडात जाईल.

डिन वाढवणं हा शेवटचा उपाय आहे. खाली दिलेलं सगळं तपासून झालं, सगळं बरोबर निघालं, तरी सुटतंय, तेव्हाच. तेही पाव किंवा अर्ध्या आकड्याने, आणि जमेल तिथे दुकानातल्या टॉर्क (पिळाचा जोर) मोजणाऱ्या यंत्रावर तपासून.

मग आधी काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमाने?

सोप्याकडून अवघडाकडे जा. पहिलं बर्फ आणि घाण: बुटाच्या सोलखाली, टो-पीसच्या आत, हीलच्या पॅडवर. दुसरं सोलची झीज. तिसरं, बुटाच्या सोलचा प्रकार बाईंडिंगला चालणारा आहे का. चौथं फॉरवर्ड प्रेशर. पाचवं, टोची उंची बदलता येणारी असेल तर ती. सहावं, बाईंडिंग स्कीवर घट्ट बसलेलं आहे का, हलतंय का. या सगळ्यांनंतर डिनचा आकडा. तोही आधी वाढवायचा म्हणून बघायचा नाही; ठरवलेलाच आकडा खरंच तिथे आहे ना, एवढं बघायचं.

पहिल्याच पायरीवर सुटणारी अडचण गुलमर्गला सर्रास असते. हॉटेलात शेगडीजवळ ठेवलेला बूट गरम असतो. बाहेर पडल्यावर दहा पावलं बर्फात चाललं की सोलखाली बर्फ वितळतो आणि लगेच परत गोठतो, काचेसारखा. हा थर पाय आपटून निघत नाही. स्कीच्या काठीच्या टोकाने, पुढून मागे, सोलच्या पुढच्या कडेपर्यंत खरवडा. बूट टो-पीसच्या धातूच्या कडेवर घासला तरी चालतं. पाय घालताना आधी टो नीट पुढे सरकवून बसवा, मग टाच खाली दाबा. "खट्" असा एकच स्पष्ट आवाज यायला हवा. आवाज दबका आला किंवा टाच दोनदा दाबावी लागली, तर पाय काढा आणि परत खरवडा.

फॉरवर्ड प्रेशर हा शब्द सगळे वापरतात. तो नेमका काय आहे?

डिनपेक्षा जास्त लोकांना अडवणारी गोष्ट हीच आहे, आणि सगळ्यात कमी तपासली जाणारीही.

हील-पीस स्कीवर स्क्रूने पक्का जखडलेला नसतो. तो एका रुळावर बसवलेला असतो आणि त्याच्या मागे एक स्प्रिंग त्याला पुढे, बुटाकडे, ढकलत असते. ही ढकल म्हणजे फॉरवर्ड प्रेशर. हिची गरज का? स्की वाकते. खड्ड्यातून जाताना स्कीची दोन्ही टोकं वर उचलली जातात आणि टो व हील एकमेकांच्या जवळ येतात. बुटाची लांबी तर बदलत नाही. तेव्हा हील मागे सरकून जागा देतो. उंचवट्यावरून उडून उतरताना स्की उलट दिशेला वाकली, की टो आणि हीलमधलं अंतर वाढतं. तेव्हा मागची स्प्रिंग हीलला पुढे ढकलते आणि बुटाची साथ सुटू देत नाही.

प्रेशर कमी असेल तर या दुसऱ्या क्षणी हीलचा जबडा बुटाच्या टाचेवरून घसरतो. खडबडीत बर्फावर, बारीक धक्क्यांच्या मालिकेत नेमकं हेच होतं. प्रेशर जास्त असेल तर उलट: हीलला मागे जायला जागाच उरत नाही, बूट टो-पीसवर रेटला जातो, घर्षण वाढतं, आणि टोने बाजूला सोडायचं तेव्हा तो सोडत नाही. खिडकीत डिन बरोबर दिसतो, सुटण्याचा जोर मात्र बदललेला असतो.

फॉरवर्ड प्रेशर कसं बघायचं आणि बदलायचं?

बूट बाईंडिंगमध्ये घालून, टाच बंद करूनच बघायचं. रिकाम्या बाईंडिंगवरचं वाचन निरुपयोगी. हील-पीसवर मागे किंवा बाजूला एक खूण असते: कुठे बाण आणि दोन रेघा, कुठे धातूची जीभ आणि तिची खाच. मार्करच्या ग्रिफन, जेस्टर या जातीच्या बाईंडिंगमध्ये मागच्या स्क्रूचा माथा भोवतीच्या घराच्या कडेशी सपाट यायला हवा, आत घुसलेला नको आणि बाहेर आलेला नको. दुसऱ्या कंपन्यांची खूण वेगळी असते. आपल्या बाईंडिंगच्या मॉडेलचं नाव टाकून कंपनीची पुस्तिका शोधा आणि तिच्यातलंच चित्र पाहा. एका कंपनीची खूण दुसरीला लावू नका.

बदलायचं असेल तर बूट काढा, मागचा स्क्रू थोडा फिरवा, बूट परत घाला, टाचेवर तळहाताने दोन-तीन वेळा ठोका आणि मग वाचा. बूट दोन-तीनदा घालून-काढून पुन्हा वाचा, कारण पहिल्या वेळी हील पूर्ण बसलेला नसतो. दोन्ही स्कींवर खूण सारखी आली पाहिजे. डाव्या आणि उजव्या बुटात एक-दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर प्रत्येक स्की तिच्या बुटाला लावा आणि स्कीवर "डा", "उ" अशी खूण करा.

बुटाचा नंबर २६.५ आहे. तेवढा सांगितला की पुरत नाही का?

नाही. २६.५ हा मोंडो नंबर, म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. बाईंडिंगला लागते ती सोलची लांबी, मिलिमीटरमध्ये. ती बुटाच्या टाचेजवळ, बाजूला प्लास्टिकमध्ये उठावात छापलेली असते, उदाहरणार्थ ३०५ किंवा ३१५. दोन कंपन्यांच्या २६.५ नंबरच्या बुटांत सोलची लांबी बरीच मिलिमीटर वेगळी असू शकते. मित्राचा बूट "माझ्याच नंबरचा" म्हणून घातला आणि बाईंडिंग तसंच ठेवलं, की फॉरवर्ड प्रेशर गेलंच म्हणून समजा.

डिनचा आकडा ठरतो कसा?

आयएसओ ११०८८ या मानकात त्याची पद्धत आहे आणि त्यावरून बनलेला तक्ता प्रत्येक बाईंडिंग कंपनी देते. पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्की करण्याची पद्धत.

आधी वजनाची ओळ शोधायची, मग उंचीची, आणि दोन्ही वेगळ्या आल्या तर वरची, म्हणजे हलकी ओळ घ्यायची. ५८ ते ६६ किलो आणि १५८ ते १६६ सेंमी ही 'जे' ओळ. ६७ ते ७८ किलो आणि १६७ ते १७८ सेंमी ही 'के'. ७९ ते ९४ किलो आणि १७९ ते १९४ सेंमी ही 'एल'.

आता पद्धत. टाइप १ म्हणजे सावकाश, सौम्य उतारावर जाणारा. टाइप २ मधला. टाइप ३ वेगाने, तीव्र उतारावर जाणारा. टाइप २ असेल तर एक ओळ खाली, टाइप ३ असेल तर दोन ओळी खाली. वय ५० किंवा जास्त, अथवा ९ किंवा कमी असेल तर एक ओळ वर.

६४ किलो, १७२ सेंमी, वय ३४ असा माणूस घ्या. वजनाने 'जे', उंचीने 'के', म्हणून 'जे' धरायची. नवशिका असेल तर 'जे'वरच थांबायचं. मध्यम असेल तर 'के'. आणि तो मध्यम माणूस ५२ वर्षांचा असेल तर पुन्हा 'जे'. मग त्या ओळीत आपल्या सोलच्या लांबीच्या रकान्यात जो आकडा आहे तो डिन. टो आणि हील दोन्हींवर तोच लावायचा.

सोलची लांबी मध्ये का येते? पाना जितका लांब तितका नट कमी जोरात फिरतो, तसंच हे. लांब सोल टो-पीसवर लांब दांडीसारखा काम करतो. पायाच्या हाडाला झेपणारा पिळ तोच राहावा म्हणून लांब सोलला आकडा कमी येतो.

तक्त्यात वजन धरायचं ते अंगाचं, आणि ते खरं सांगायचं. भाड्याच्या दुकानात चार लोकांपुढे पाच किलो कमी सांगितलं की ओळ बदलू शकते आणि बाईंडिंग सैल लागतं. "मी चांगला करतो" म्हणून टाइप ३ सांगितलं की ते घट्ट लागतं. पहिल्या-दुसऱ्या मोसमातला प्रत्येक जण टाइप १ आहे, त्यात कमीपणा काही नाही.

मुलांसाठी जरा मोठ्या रेंजचं बाईंडिंग घेतलं तर दोन-तीन वर्षं चालेल ना?

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तसं बाईंडिंग घेता येत नाही. लहान मुलांच्या बाईंडिंगवरची डिनची पट्टी ०.७५ पासून सुरू होते. मुलाचा आकडा १.५ येत असेल आणि बाईंडिंगची पट्टी ३ पासूनच असेल, तर ते त्याच्यासाठी कधीच वेळेवर उघडणार नाही. मोठ्यांसाठीही आपला आकडा पट्टीच्या अगदी टोकाला नसावा. मुलांचं वजन आणि सोल दर मोसमात नव्याने मोजा.

सोलचे प्रकार वेगळे असतात म्हणतात, ते कसे ओळखायचे?

नेहमीच्या अल्पाइन बुटाचा सोल सपाट, कडक प्लास्टिकचा असतो. आयएसओ ५३५५ या मानकानुसार मोठ्यांच्या बुटात पुढच्या कडेची जाडी १९ मिमी, मागच्या कडेची ३० मिमी, दोन्हीकडे १ मिमी कमी-जास्त चालतं. चालायला सोपा असा ग्रिपवॉक सोल किंचित गोलाकार आणि रबरी असतो, त्याचं मानक आयएसओ २३२२३. टूरिंग (स्की घालून डोंगर चढण्याच्या) बुटाचा सोल आणखी गोल आणि खाचांचा, आयएसओ ९५२३. हे आकडे बऱ्याच बुटांवर छापलेले असतात.

जुन्या अल्पाइन बाईंडिंगमध्ये ग्रिपवॉक किंवा टूरिंग बूट "बसतो" म्हणून घालू नका. तो बसेल, खट् आवाजही येईल, पण टोखालच्या सरकत्या पट्टीवर त्याचा रबर चिकटेल किंवा सोलची उंची जुळणार नाही. बाईंडिंगवर ग्रिपवॉकची खूण किंवा पुस्तिकेत तसा स्पष्ट उल्लेख असेल तरच घाला.

झीजही बघा. अल्पाइन बूट घालून गोंडोलाच्या (रोपवेच्या) रांगेपर्यंत डांबरी रस्त्यावरून चालत गेलात तर पुढची कड काही दिवसांत गोल होते. सरळ पट्टी सोलवर आडवी धरा. पुढच्या कडेखाली फट दिसली, कड खालून चिरलेली दिसली किंवा व्हर्नियरवर जाडी १८ मिमीच्या खाली गेली, तर तो बूट बाईंडिंगला लायक राहिला नाही. काही बुटांचे सोल स्क्रू काढून बदलता येतात. रस्त्यावर चालायला रबरी सोल-कव्हर मिळतात, ती स्वस्त आहेत.

टोची उंची म्हणजे काय, आणि ती घरी लावता येते का?

टो-पीसखाली एक पट्टी असते, तिला एएफडी म्हणतात. बूट बाजूला सुटताना तिच्यावरून घसरतो. काही बाईंडिंगमध्ये टो आपोआप जुळवून घेतो, तिथे करण्यासारखं काही नाही. जिथे उंचीचा स्क्रू असतो, तिथे बूट आणि पट्टी यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी सरकवा. बूट बंद असताना ती ओढली की हलक्या विरोधाने निघायला हवी. फाटली तर बूट पट्टीवर दाबला गेलाय. सळकन निघाली तर बूट वर-खाली हलतोय, आणि हा हलणारा बूट टोमधून नको तेव्हा निघतो.

टूरिंग सोलसाठी काही पुस्तिकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट सांगितलेली असते. त्यासाठी फीलर गेज वापरा. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला गावातल्या मेकॅनिककडे ती पात्यांची जुडी असतेच, त्यातलं ०.५० मिमीचं पातं लागतं.

पट्टीवर अंगठ्याचं नख फिरवा. टेफ्लॉनची असेल आणि नख अडकत असेल, कड उचललेली असेल किंवा खोल ओरखडे असतील तर ती बदला. सरकणारी पट्टी असेल तर बोटाने बाजूला ढकला. ती स्वतःहून मध्यावर परत यायला हवी. आपल्याकडच्या काळ्या मातीची पूड तिच्या खाचेत बसली की ती अर्ध्यात अडकते.

कोणता स्क्रू-ड्रायव्हर लागतो?

बहुतेक बाईंडिंगला पोझी ३ लागतो, साधा फुलीचा फिलिप्स नाही. पोझी स्क्रूच्या माथ्यावर फुलीच्या चार रेघांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा असतात. फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर येऊन फुली खराब करतो. हार्डवेअरच्या दुकानात "पीझेड तीन" मागा. फर्निचरवाल्यांकडे पीझेड दोन असतो, तो लहान पडतो. ड्रिल किंवा इम्पॅक्ट मशीन लावू नका, हातानेच फिरवा.

डिनचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, खिडकी समोरून सरळ बघायची. तिरकं बघितलं तर अर्ध्या आकड्याची चूक सहज होते.

बाईंडिंग स्कीवर डुगडुगतंय. स्क्रू नुसते आवळू का?

स्की दोन गुडघ्यांत धरून बाईंडिंग दोन्ही हातांनी पिळा. जराही हललं तर ती स्की वापरू नका. स्क्रू घट्ट होऊन थांबत असेल तर आवळून घ्या. फिरतच राहिला तर आतला लाकडी गाभा सुटलाय किंवा पाणी शिरून कुजलाय. मग भोक बुजवून किंवा धातूचं आवरण घालून स्क्रू परत बसवावा लागतो. हे अनुभवी माणसाकडून करून घ्या, गावच्या सुताराकडून नाही, कारण भोकाचं माप ठरलेलं असतं: साध्या स्कीला ३.५ किंवा ३.६ मिमी, धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१ मिमी, आणि खोली साधारण ९ मिमी. जास्त खोल गेलं तर खालचा तळ फुगतो. स्क्रू बसवताना पाणीरोधक लाकडी गोंद वापरतात, म्हणजे भोकात पाणी शिरत नाही.

घरी सुटण्याची चाचणी घेता येते का?

अंदाज येतो, माप नाही. स्की सतरंजीवर ठेवा, बूट रिकामा बाईंडिंगमध्ये घाला, स्कीवर पाय देऊन ती दाबून धरा. बुटाच्या टोकावर तळहाताने बाजूने ठोका. बूट थोडा सरकून स्वतः मध्यावर परत यायला हवा, डावीकडे आणि उजवीकडे सारखाच. एका बाजूला अडकून राहिला किंवा परत येताना रेंगाळला, तर टो-पीसमध्ये घाण, कडक झालेलं ग्रीस किंवा झिजलेला भाग आहे. मध्यावर परत येण्याची ही ताकदच खडबडीत उतारावर बूट धरून ठेवते. तीच कमी झाली तर डिन कितीही बरोबर असला तरी बाईंडिंग धक्क्याधक्क्याने उघडतं.

खरं माप टॉर्क-टेस्टरवर मिळतं. 'के' ओळीसाठी तक्त्यात पिळाचा जोर ४३ न्यूटन-मीटर आणि पुढे झुकण्याचा १६५ न्यूटन-मीटर आहे. एवढा नेमका जोर हाताने ठोकून कळणं शक्य नाही.

भाड्याची स्की घेताना दोन मिनिटांत काय बघू?

वजन, उंची, वय आणि सोलची लांबी कागदावर लिहून न्या. भाड्याच्या बाईंडिंगच्या रुळावर मिलिमीटरची पट्टी छापलेली असते. टो आणि हील दोन्ही आपल्या सोलच्या आकड्यावर आहेत का बघा, आणि मग बूट घालून फॉरवर्ड प्रेशरची खूण तपासा. तिथे हिंदीत बोलावं लागतं, तेव्हा नेमकं बोला: "भैया, सोल तीन सौ पाँच है, फॉरवर्ड प्रेशर बूट डालके दिखाओ." चारही खिडक्यांतला डिन स्वतः वाचा. मागच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहणं ही फार साधी आणि फार वेळा होणारी चूक आहे. संध्याकाळी बूट बदलून घेतला तर सकाळी सगळं परत तपासा.

उन्हाळ्यात स्की ठेवायची कुठे? आमच्याकडे पत्र्याचा माळा आहे.

माळ्यावर नको. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. बुटाच्या आतल्या अस्तराचा गोंद सुटतो. खालच्या मजल्यावर, भिंतीला टेकवून, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. पावसाळ्यात आत ओल धरते आणि स्प्रिंगच्या स्क्रूंना गंज चढतो. बुटाची बकलं हलकी लावून ठेवा, नाहीतर कवच पसरतं.

स्प्रिंग सैल करून ठेवायची का, हा वादाचा मुद्दा आहे. आमच्या मते नको. आजच्या स्प्रिंगा तेवढ्या मोसमी दाबाने थकत नाहीत, आणि सैल केलेला डिन परत लावायचा विसर पडणं हे पहिल्याच दिवशी बाईंडिंग सुटण्याचं हमखास कारण आहे. तरी सैल करायचाच असेल तर आकडा मास्किंग टेपवर लिहून टो-पीसवरच चिकटवा.

धूळ साफ करायला रॉकेल किंवा डिझेल चालेल का?

नाही. रॉकेल, पेट्रोल, डिझेल आतलं कारखान्यातलं ग्रीस धुऊन नेतात आणि काही प्लास्टिकला बाधतात. सायकलच्या चेनवर मारायचा स्प्रेही तेच करतो. जोराचा पाण्याचा पाइपही नको, धूळ आत ढकलली जाते. मऊ ब्रश, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं, मग सावलीत वाळवणं, एवढं पुरतं. ग्रीस लावायचं ते पुस्तिकेत सांगितलेलं आणि सांगितलेल्या जागीच. गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस शून्याखाली घट्ट होतं, आणि मग टो मध्यावर परत येताना रेंगाळतो.

टूरिंगच्या पिन बाईंडिंगचं काय?

तिथे कारणं वेगळी. बुटाच्या टोकाला दोन धातूच्या खाचा असतात, त्यात पिना बसतात. खाचेत बर्फ असला किंवा टोच्या पंखांखाली बर्फ दबून बसला, की पिना पूर्ण मिटत नाहीत. टोकदार काडीने दोन्ही जागा साफ करा. बूट बसल्यावर टाच उचलून पाय पुढे-मागे आठ-दहा वेळा झुलवा, म्हणजे पिना खाच घासून साफ करतात. हीलच्या पिना आणि बूट यांच्यातली फट मॉडेलनुसार वेगळी असते, ती सोबतच्या मापपट्टीनेच लावा. चढताना टो लॉक करतात. उतरताना तो लॉक उघडा. सुटतं म्हणून लॉक ठेवून उतरलं तर पडताना बाजूला सुटण्याची सोयच बंद होते, आणि हिमस्खलनात स्की पायाला बांधलेलीच राहते.

बाईंडिंग बरोबर लावलं की गुडघा वाचतो ना?

घोटा आणि नडगी यांच्यासाठी बाईंडिंग बनलेलं आहे. गुडघ्याच्या आतल्या एसीएल या अस्थिबंधाची हमी ते देत नाही. मागच्या बाजूला पडत असताना गुडघा पिळला जातो त्या वेळी नेहमीच्या बाईंडिंगला तो जोर नीट कळत नाही. त्यामुळे गुडघ्याच्या भीतीने डिन खूप खाली आणण्यातही अर्थ नाही. वेगात नको तेव्हा सुटून पडणंही तितकंच वाईट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर ते तपासणाऱ्याला आधी सांगा.

उतारावरच सुटलं, तर त्या वेळी काय करायचं?

आधी वर बघा, मागून कोणी येत नाही ना. स्की सरकत खाली गेली असेल तर ओरडून खालच्यांना सावध करा. सुटलेली स्की उताराला आडवी ठेवा आणि दुसरी स्की खालच्या बाजूला धरून तिच्या कडेवर उभे राहा. दोन्ही स्की सुटल्या असतील तर खालच्या बाजूची आधी घाला. फोटो काढा. टो, हील आणि सोल खरवडून साफ करा. हील उघडा आहे का बघा, बंद असेल तर मागची दांडी दाबून उघडा. टो आधी, मग टाच, एकच खट्. पाय उचलून स्की हवेत हलवून बघा.

परत त्याच जागी, तशाच साध्या हालचालीत सुटलं, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका. स्की खांद्यावर घेऊन कडेकडेने खाली उतरा आणि बूट बाईंडिंगमध्ये घालूनच तंत्रज्ञापुढे ठेवा, म्हणजे फॉरवर्ड प्रेशर त्याला लगेच दिसेल.